हिंगणघाटहून सिंगापूर: बाबांनी मोजलेलं अंतर

चेन्नई ते सिंगापूर हे विमानाचं अंतर सुमारे 2,925 किलोमीटर. तिकिटावर त्यासाठी चार तास दहा मिनिटं लिहिलेली. भावाने तिकिटं पाठवली आणि मी हे दोन आकडे मोठ्याने वाचले, तेव्हा बाबांनी विचारलं, "कोनं मोजलं? अन् कुठून कुठपर्यंत?"

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी साखळी आणि टेप घेऊन वावरांत काढली. एका हाताच्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले त्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे कुणी आकडा सांगितला की तो कशाने मोजला आणि कुठल्या खुणेपासून मोजला, हे कळल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. या प्रवासात मला तेच सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, कापसाचं. धाकटा भाऊ सिंगापूरला जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याला मुलगा झाला. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून मला जायचंच होतं. आई नातवासाठी निघाली. बाबा नातवासाठी निघाले आणि अंतरासाठीही.

मार्ग ठरवायलाच आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. नागपूर ते सिंगापूर सरळ रेष काढली तर ती 3,480 किलोमीटरच्या आसपास भरते. तसं थेट विमान आम्हाला मिळालं नाही. मुंबईमार्गे जायचं तर आधी 680 किलोमीटर पश्चिमेला आणि तिथून 3,920 किलोमीटर आग्नेयेला, म्हणजे एकूण 4,600. जायचं आग्नेयेला आणि पहिलं पाऊल पश्चिमेला, हे बाबांना पटेना. चेन्नईमार्गे 910 अधिक 2,925, म्हणजे 3,835. सरळ रेषेपेक्षा साडेतीनशे किलोमीटर जास्त, पण मुंबईपेक्षा साडेसातशेहून अधिक वाचतात. चेन्नईला एक रात्र काढावी लागणार होती. बाबांनी तिथला मुक्काम आनंदाने मान्य केला. त्याचं कारण पुढे येईलच.

निघायच्या आधीचा रविवार

फेब्रुवारीचा मध्य. तूर घरात आली होती, कापसाचा शेवटचा वेचा सुरू होता आणि हरभरा सोंगायला आला होता. बाबांनी माझ्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला. त्याच्या सरळ कडेला रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटवली, मध्यबिंदूतून दोरा सोडला आणि दोऱ्याला एक नट बांधला. झाला ओळंबा. नळीतून तारा पाहायचा आणि दोरा कोणत्या अंशावर थांबतो ते दुसऱ्याने वाचायचं.

रात्री नऊनंतर आम्ही गच्चीवर गेलो. दक्षिणेला अगस्त्य तारा लखलखत होता. सगळ्यात उंच आला तेव्हा तो क्षितिजापासून 17 अंशांवर होता. उत्तरेला ध्रुव साडेवीस अंशांच्या जवळपास, म्हणजे आपल्या अक्षांशाइतकाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली. तिची सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा घड्याळात साडेबाराला एक-दोन मिनिटं कमी होती. घड्याळाचे बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं आपल्याकडे नसतं. भारताची वेळ 82.5 अंश रेखांशावर धरलेली आहे. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आपली खरी दुपार साडेतीन अंशांहून जास्त मागे असते. एका अंशाला चार मिनिटं. त्यात फेब्रुवारीत सूर्य स्वतःच चौदा मिनिटं उशिरा चालतो. बाबांनी हे सगळं वहीत लिहिलं आणि वही पिशवीत ठेवली.

मंगळवार

सकाळी आठला निघालो. पांदण रस्ता, मग डांबरी, मग हिंगणघाट. तिथे आम्ही मुद्दाम थांबलो, कारण ज्या माणसाने हिंदुस्थानातली अंतरं पहिल्यांदा नीट मोजायला घेतली, त्याची कबर हिंगणघाटात आहे.

विल्यम लॅम्बटन. 10 एप्रिल 1802 रोजी त्याने मद्रासजवळ जमिनीवर पहिली पायारेषा मोजायला सुरुवात केली. त्या एका रेषेपासून त्रिकोणांची साखळी निघाली: एक बाजू प्रत्यक्ष मोजायची, पुढे फक्त कोन वाचत जायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. टेकडीवरून टेकडीकडे, देवळाच्या शिखरावरून पुढच्या शिखराकडे. दक्षिणेच्या टोकापासून हा कंस वर चढत राहिला. ज्या थिओडोलाइटने कोन वाचले जात, त्याचं वजन अर्धा टन होतं. ते इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडलं होतं आणि नंतर सन्मानाने परत पाठवलं. वीस वर्षं हे काम केल्यावर, साठी ओलांडलेला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. 1841 पर्यंत त्याने ते हिमालयाच्या पायथ्याशी नेलं, आणि 1865 मध्ये जगातल्या सर्वात उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. ज्याने सुरुवात केली तो आमच्या तालुक्यात झोपलेला आहे आणि तालुक्यातल्या शाळांत शिकणाऱ्या पोरांना त्याचं नाव माहीत नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी स्वतः शिक्षिका आहे आणि हे नाव मला पाठ्यपुस्तकातून नाही, बाबांकडून कळलं.

बाबा तिथे चपला काढून उभे राहिले. आई म्हणाली, "गाडीचा टाइम होऊन राहिला." बाबा म्हणाले, "याच्याच जिवावर तर चाललो आपन."

हिंगणघाट ते नागपूर 75-80 किलोमीटर, मोठा रस्ता, दीड तास. विमान दुपारचं होतं, म्हणून शहरात शिरून झिरो माइलला गेलो. उंच खांब, चार घोडे, आणि खांबाच्या पायथ्याशी दगडात कोरलेली मैलांची अंतरं: हैदराबाद, चांदा, जबलपूर. शेजारचा लहान दगड 1907 सालचा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा. ती 1,020 फुटांच्या थोडी वर आहे. लोक खांबासोबत फोटो काढतात, बाबांनी दगडासोबत काढून घेतला.

नागपूर मध्यभागी आहे हे आपण अभिमानाने सांगतो, पण एके काळी विमानांच्या बाबतीत ते खरोखर उपयोगाचं होतं. 1949 च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमानं संध्याकाळनंतर सुटत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपाल आणि प्रवासी अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. चारही दिशांची अंतरं साधारण सारखी, म्हणूनच ते जमत होतं. आज तीच विमानं नागपूरवरून उंच निघून जातात आणि आपल्याला पूर्वेला जायला दक्षिणेला उतरावं लागतं. सोनेगावच्या विमानतळावर बसून हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा हा आंतरराष्ट्रीय विमानतळ गावापासून दोन तासांवर आहे, त्याच्यावरून पूर्वेलाही थेट जाता यावं, एवढंच मागणं आहे.

विमान सुटल्यावर आम्ही उजव्या बाजूला होतो. बाबांना वणा नदी दिसली. मला खात्री नव्हती, पण त्यांनी नदीचं वळण आणि रेल्वेचा रूळ दोन्ही ओळखले. सकाळी ज्या अंतराला दीड तास लागला, ते विमानाने दहा मिनिटांत मागे टाकलं. त्याच रुळांवरून ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने हिंगणघाटचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मद्रासला गेले आहेत, सतरा-अठरा तास बसून. आम्ही दीड तासात उतरलो.

बुधवार, चेन्नई

चेन्नईचा मुक्काम बाबांनी का मान्य केला, ते आता सांगते. विमानतळाच्या अगदी शेजारी सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे, तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात. लॅम्बटनची पहिली पायारेषा याच टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर मोजली गेली, साडेसात मैलांची. ज्या जागेहून हिंदुस्थानचं अंतर मोजायला सुरुवात झाली, तिच्या कडेलाच आज धावपट्टी आहे आणि तिथूनच आम्ही सिंगापूरला उडणार होतो.

विमानतळावरून मेट्रो निघते, टेकडीच्या नावाचं स्थानकही आहे. सकाळी ऊन तापायच्या आत पायऱ्या चढलो. शंभराच्या वर आहेत, आईचे गुडघे दुखत असल्याने ती मधे दोनदा बसली. वर जुनं चर्च आहे, वडाची सावली आहे आणि खाली विमानतळ पूर्ण दिसतो. दर काही मिनिटांनी एक विमान आमच्या पातळीवर यायचं आणि खाली टेकायचं.

बाबा कठड्याला टेकून कितीतरी वेळ बोलत होते. नोकरीतल्या गोष्टी ते घरात फारशा सांगत नाहीत, तिथे सांगितल्या. त्यांची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. उन्हात लोखंड वाढतं, म्हणून मे महिन्यातली मोजणी आणि जानेवारीतली मोजणी यांत बोटाचा फरक पडतो, हे त्यांना जुन्या लोकांनी शिकवलं होतं. लॅम्बटनची साखळी पोलादाची, शंभर फुटांची. ती मुळात चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून नेलेली होती. बादशहाने नाकारली आणि ती फिरत फिरत कलकत्त्याला आली. ती ताणताना खाली लाकडी पेट्या ठेवत, वर ऊन लागू नये म्हणून तंबू धरत आणि दर वेळी थर्मामीटर वाचत, म्हणजे पोलाद किती वाढलं ते वजा करता येईल. साडेसात मैलांसाठी कित्येक आठवडे. खाली ती जमीन आता घरांनी भरलेली आहे. वरून जाणारं विमान तेवढं अंतर मिनिटाभरात कापतं.

"आपल्या साखळीले कोनी तंबू नाही धरला," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. त्या कामाविषयीचा आदर होता आणि स्वतःच्या कामाविषयीचाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागेच्या गच्चीवरून अगस्त्य पुन्हा मोजला. शहराचा उजेड खूप, पण अगस्त्य ठळक असल्याने दिसतो. 24 अंश. आपल्याकडे 17. सात-साडेसात अंश दक्षिणेला आलो आणि तारा तेवढाच वर आला.

रात्री विमानतळ. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो, आणि पोचायच्या तीन दिवसांच्या आत एक ऑनलाइन अर्जही भरावा लागतो. तो भरायला पैसे लागत नाहीत. आणखी एक, आपल्या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं: खर्रा, खायचा तंबाखू, गुटखा काहीही तिथे नेणं कायद्याने बंद आहे. आईच्या सामानात डिंकाचे लाडू आणि गोधडी होती, त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

बुधवारची रात्र ते गुरुवारची सकाळ

विमान रात्री अकराला. पोचायची वेळ पाच चाळीस. आई म्हणाली, "सहा तास चाळीस मिन्टं झाले ना हे, तू त चार तास म्हने." तिला समजावलं: सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. सहा चाळीसमधून अडीच वजा केले की चार दहा उरतात. परतीचं विमान सकाळी दहाला निघून अकरा पन्नासला चेन्नईत येणार होतं. ते एक पन्नास दिसत असलं तरी त्यात अडीच मिळवले की चार वीस. पहिल्यांदा जाणाऱ्या सगळ्यांचा इथेच घोळ होतो, म्हणून सविस्तर लिहिलं. तिकिटावरची वेळ विमान दारातून मागे सरकल्यापासून तिकडच्या दाराला लागेपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत ते त्याहून वीसेक मिनिटं कमी असतं.

2,925 किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. सपाट नकाशावर रेघ ओढून ते मिळत नाही. गोलावर एका अंशाला 111 किलोमीटर धरायचे. चेन्नई आणि सिंगापूर यांच्यामध्ये असे सव्वीस अंशांहून थोडे जास्त आहेत. वैमानिक मोजतात ते सागरी मैल म्हणजे या अंशाचा साठावा भाग, 1.852 किलोमीटर.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. आई झोपली, आम्ही दोघं जागे. उंची अकरा किलोमीटर, बाहेर उणे पन्नासच्या आसपास, वेग ताशी 850 च्या पुढे-मागे. खाली बंगालचा उपसागर, काळा. एक वाजून गेल्यावर विमानाचं चिन्ह ग्रेट निकोबारच्या जवळ आलं. बाबांनी मला हलवलं. त्या बेटाच्या टोकाला इंदिरा पॉइंट, भारताचं सगळ्यात दक्षिणेचं टोक. 2004 च्या सुनामीत तिथली जमीन चार मीटरच्या वर खचली. चेन्नईहून तिथवर साडेसोळाशे किलोमीटर झाले होते. अर्ध्याहून जास्त रस्ता संपला होता आणि शेजारी अजून भारतच होता. आपण नकाशात अंदमान-निकोबार कोपऱ्यातल्या चौकोनात छापतो, त्यामुळे हे कधी लक्षात येत नाही. पुढे लगेच सुमात्रा आणि मलाक्काची सामुद्रधुनी.

उतरलो तेव्हा पाच चाळीसला अंधार. सामान घेऊन, भावाला भेटून, गाडीत बसलो तरी अंधारच. सूर्य उगवला सव्वासातला. आई म्हणाली, इथली माणसं दिवस उगवायच्या आधी कामाले लागतात का.

याचं कारण मजेशीर नाही, सरकारी आहे. रेखांशाप्रमाणे सिंगापूरची वेळ आपल्यापुढे दीड तासाच्या थोडी वर हवी. आपल्या हिंगणघाटच्या आणि त्यांच्या रेखांशांत 25 अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने एक तास चाळीस मिनिटं. घड्याळ मात्र अडीच तास दाखवतं. मलेशियाने सगळ्या देशाला एक वेळ केली तेव्हा सिंगापूरनेही 1982 च्या सुरुवातीला आपलं घड्याळ अर्धा तास पुढे नेलं. बाबांनी आपलं घड्याळ बदलू दिलं नाही. "दोन्हीकडच्या दुपारा एकाच घड्याळानं पाहाच्या हायेत," असं त्यांनी भावाला सांगितलं.

मंगळवारी सकाळी आठला निघालेलो आम्ही गुरुवारी भारताच्या वेळेने पहाटे पाचला भावाच्या घरी पोचलो. त्यात विमान हवेत होतं ते जेमतेम सव्वापाच तास.

शुक्रवार आणि शनिवार

भावाचं घर बाराव्या मजल्यावर. बाळाविषयी लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते आमच्यापुरतं. बाबा त्याला मांडीवर घ्यायचे आणि खिडकीतून दिशा दाखवायचे.

शुक्रवारी दुपारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत काठी उभी केली. विषुववृत्त इथून दीडशे किलोमीटरच्या आत, म्हणून सावली अगदी आखूड, मीटरच्या काठीला वीतभरच. तिथले दोन चिनी आजोबा येऊन पाहू लागले. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. बाबांनी काठी, सावली आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यातल्या एकाने मान डोलावली आणि सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला सुरुवात केली. पुढचा अर्धा तास खुणा त्यानेच केल्या. सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा बाबांच्या घड्याळात पावणेअकरा होऊन गेले होते. सिंगापूरच्या घड्याळात सव्वा वाजून गेला होता.

घरी साडेबाराला एक-दोन कमी, इथे पावणेअकराला तीन-चार जास्त. फरक शंभर मिनिटांचा. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे 25 अंश.

अगस्त्यासाठी रात्री दहाला बाहेर पडलो. शुक्रवारी ढग होते. शनिवारी समुद्राकडेच्या बागेत गेलो आणि ढगांच्या फटीतून तो मिळाला. 36 अंश. आपल्या गच्चीवरून अंगणातल्या लिंबाच्या शेंड्याशी दिसणारा तारा इथे चांगला वर चढून बसला होता. उत्तरेला ध्रुव शोधला. तो इथे क्षितिजापासून सव्वा अंशावर असतो, म्हणजे इमारती आणि धुक्यात तो दिसायचा नाही. बाबा तरी त्या दिशेला बराच वेळ तोंड करून उभे होते. ज्या ताऱ्यावर आयुष्यभर उत्तर धरली, तो जमिनीत गेलेला पाहणं त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर हिशोब मांडला. अगस्त्य 17 वरून 36 ला गेला, म्हणजे आपण 19 अंश दक्षिणेला आलो. 19 गुणिले 111, बरोबर 2,109 किलोमीटर. पूर्वेला 25 अंश. विषुववृत्तापासून वर गेलं की रेखांश जवळ येतात, म्हणून मधल्या अक्षांशावर एका अंशाला 109 धरले: 2,725. दोन्ही बाजू काटकोनात. वर्गांची बेरीज, वर्गमूळ. उत्तर आलं 3,446 किलोमीटर.

भावाने फोनवर आमचं गाव आणि त्याचं सिंगापूरचं घर या दोन खुणा लावल्या. 3,450 च्या जवळपास.

भाऊ काही बोलला नाही. त्याने वही घेतली आणि सगळा हिशोब पुन्हा केला. बाबांनी त्याला समजावलं की यात नशिबाचाही वाटा आहे. कोनमापकाचा अर्धा अंश चुकला तर पंचावन्न किलोमीटर चुकतात, आणि गोल पृथ्वीवर काटकोन त्रिकोणाचं सूत्र नुसतं ढोबळ चालतं. पण कंपासपेटीतलं प्लास्टिक, एक काठी आणि मनगटावरचं जुनं घड्याळ एवढ्यावर दोन देशांमधलं अंतर निघतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शाळेत पायथागोरस शिकवताना मी फळ्यावर शिडी आणि भिंत काढत आले आहे.

रविवार, बारसं

पाळणा एका मराठी कुटुंबाकडून आणला होता. घुगऱ्या आईने केल्या. भावजयीच्या ओळखीच्या पाच-सहा जणी आल्या, त्यांतली एक चंद्रपूरची निघाली आणि आईचा दिवस सार्थकी लागला. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले.

संध्याकाळी बाबांनी भावाला विचारलं, हे बेट केवढं. 735 चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला वर्धा जिल्हा 6,300 हून जास्त, म्हणजे हे त्याच्या आठव्या हिश्श्याहूनही लहान. स्वातंत्र्याच्या वेळी ते 580 च्या आसपास होतं, समुद्रात भराव घालून एवढं वाढवलं, आणि आम्ही उतरलो त्या चांगी विमानतळाची कितीतरी जमीनही भरावाचीच. बाबांनी उभ्या नोकरीत जमिनीचे तुकडे होताना पाहिले, वाढताना कधी पाहिली नाही. ते किती तरी प्रश्न विचारत राहिले: नव्या जमिनीचा सर्व्हे नंबर कसा देतात, हद्दीचा दगड कुठे रोवतात. भावाकडे उत्तरं नव्हती. त्याने शोधून सांगतो म्हटलं.

पुढचा मंगळवार

पहाटे साडेसहाला भावाच्या घरून निघालो. आईचं निघणं सोपं नव्हतं, ते इथे लिहीत नाही.

परतीचं विमान दिवसाचं. जाताना चार दहा, येताना चार वीस. हिवाळ्यात या पट्ट्यात वाऱ्याचा फारसा त्रास नसतो. पावसाळ्यात चित्र बदलतं: जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण भारतावरून खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. त्याचा अभ्यास आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी 1950 च्या दशकात जगापुढे मांडला. हा वारा आणि आपला मान्सून एकमेकांशी जोडलेले आहेत. त्या दिवसांत सिंगापूरकडे जाणाऱ्या विमानाला तो समोरून लागतो आणि येणाऱ्याला मागून ढकलतो. खाली वावरात कपाशी ज्या पावसावर उभी असते, त्याच पावसाचं यंत्र वर विमानाची मिनिटं कमी-जास्त करतं.

निकोबारवर ढग होते. बाबांनी खिडकी सोडली नाही.

चेन्नईला संध्याकाळच्या विमानाची वाट पाहिली, रात्री आठला नागपूर, अकराला गाव. निघाल्यापासून पोचेपर्यंत एकोणीस तास.

आता पुढचं ठरवलं आहे. बुलढाणा आणि गोंदिया यांच्या रेखांशांत चार अंशांचा फरक आहे, म्हणजे दोन्हीकडच्या दुपारीत सोळा मिनिटं. विदर्भाची रुंदी सावलीवरून काढता येईल. डी.एड.च्या वेळची एक मैत्रीण बुलढाण्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत आहे, दुसरी गोंदियाकडे. मार्चमध्ये एकाच दिवशी दोघींच्या सातवीच्या वर्गांनी काठी रोवायची, आणि मधे आमच्या शाळेने. दोघी हो म्हणाल्या. काठी केवढी घ्यायची असं गोंदियाच्या मैत्रिणीने विचारलं, तर बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "लांबी कितीही घ्या बाई, पन ओळंब्यात उभी पाह्यजे."